व्रणरोपणानंतरचा काळ : युद्धजखमी माजी सैनिक आणि तालुक्याचा वैद्य

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील चौतिसावा अध्याय ‘युक्तसेनीय’ या नावाने आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. सैन्याच्या तळावर राजनिवासालगत वैद्याचे स्थान असावे आणि विषाने, शल्याने वा व्याधीने पीडित झालेल्यांना तो ध्वजाप्रमाणे दुरून ओळखू यावा, असा त्याचा आशय आहे. युद्धभूमीवरील वैद्याचा इतका स्पष्ट विचार करणाऱ्या आचार्यांनी पुढे चिकित्सास्थानात सद्योव्रणाला स्वतंत्र अध्याय दिला, शारीरस्थानात १०७ मर्मांची गणना केली आणि त्यांतील ४४ मर्मे ‘वैकल्यकर’ म्हणून वेगळी काढली. या मर्मांवर आघात झाला तर मनुष्य बहुधा वाचतो, परंतु विकलता घेऊन जगतो. हात वा पाय तुटला असता सिरा आकुंचन पावतात, रक्तस्राव मर्यादित राहतो आणि फांद्या छाटलेल्या वृक्षाप्रमाणे मनुष्य जिवंत राहतो, हे निरीक्षणही तेथेच आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या वाचलेल्या मनुष्याचे पुढील आयुष्य हा आहे. सूत्रस्थानात शोफाचे जे सात उपक्रम सांगितले आहेत, त्यांतील सातवा ‘वैकृतापह’. ग्रंथात त्याचा अर्थ त्वचेचा वर्ण, रोम इत्यादी पूर्ववत करणे इतकाच आहे. आम्ही हा शब्द थोडा ताणून वापरणार आहोत, हे आरंभीच सांगून ठेवतो. पहिले सहा उपक्रम आज सैनिकी रुग्णालयांत उत्तम होतात आणि तेथे आपले काही काम नाही. सातवा मात्र तीस-चाळीस वर्षे चालतो, आणि तो गावात, घरात व बऱ्याचदा आपल्याच चिकित्सालयात चालतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाची राजधानी पुणे होय. युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हाताचा व्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना मुंबईत निघाली व नंतर खडकीस आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. मज्जारज्जूच्या आघाताने अधरांग लुळे पडलेल्या सैनिकांसाठी खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. या संस्थांचे कार्य अनेक वैद्यांना ऐकूनही ठाऊक नसते. वाशिमहून पुणे चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे हे त्याचे एक कारण असावे.

मुरलीकांत पेटकर हे नाव मात्र आता घरोघरी पोहोचले आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे पेटकर सैन्याच्या ईएमई दलात होते आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालील भाग निकामी झाला. उपचार म्हणून त्यांना पोहावयास लावले गेले. १९६८ मध्ये ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये खेळले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट आला.

ही कथा रुग्णास सांगताना तारतम्य हवे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘ते बघा, पदक आणले’ असे सुनावणे म्हणजे व्रणावर क्षार टाकण्यासारखे आहे. पेटकरांच्या चरित्रातून वैद्याने घ्यावयाचे ते पदक नव्हे, तर घटनांचा क्रम. आधी शरीराला जमेल अशी एक क्रिया सापडली, त्या क्रियेतून दिनक्रम तयार झाला, मग विजय मर्चंट यांच्यासारख्यांचे साहाय्य लाभले आणि पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी मिळाली. पदक दोन-चार दिवसांचे, नोकरी रोजची.

मेजर जनरल इयान कार्डोझो यांचेही असेच. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडल्यावर आपला चिरडलेला पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने तोडला. पुढे कृत्रिम पायानिशी बटालियनचे व ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते भारतीय सैन्यातील पहिले युद्धविकलांग अधिकारी ठरले. त्यांना त्यांचेच काम पुन्हा मिळाले, हे त्यांच्या पराक्रमाइतकेच महत्त्वाचे आहे. शिपाई, नायक वा हवालदार या हुद्द्यावरून वैद्यकीय कारणाने घरी येणाऱ्या आपल्या भागातील जवानाला तसे काम सहसा मिळत नाही. तो गावी येतो, सत्कार होतो, प्रजासत्ताकदिनी त्याला खुर्चीवर बसवतात, आणि उरलेले ३६४ दिवस तो ओसरीवर असतो.

वाशिम जिल्ह्याची परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे पुस्तकी सल्ला कोठे अडतो ते कळते. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची निवड झाली, त्यांत तो होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे २०२४ मध्ये आले. रिसोड, मालेगाव वा मानोरा तालुक्यातील कोणत्याही गावी सोयाबीन आणि तुरीची शेती, काळी चिकण माती आणि पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. शहरी रस्त्यावर उत्तम चालणारा कृत्रिम पाय या चिखलात धुऱ्यावरच अडकतो. घरात मांडी घालून बसावे लागते व शौचकूप उकिडवे बसण्याचा असतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट तयार केला तो अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, पाणी व चिखल या गरजा डोळ्यांपुढे ठेवूनच. म्हणून रुग्णास पहिला प्रश्न ‘दुखते कोठे’ हा न विचारता ‘दिवसभरात पाय कोठे कोठे अडतो’ हा विचारावा. उत्तरातून निम्मे निदान होते. शौचकूपावर ठेवावयाची खुर्ची, न्हाणीघरात भिंतीला एक दांडी आणि उंबऱ्याशी उतरण हा खर्च एका महिन्याच्या औषधांहून कमी असतो व गावचा गवंडी तो करून देतो.

आता चिकित्सेकडे वळू. छिन्न अवयवाच्या उरलेल्या भागाची काळजी हा आपल्या हातचा विषय आहे, परंतु येथे आपले नेहमीचे अभ्यंगही विचारपूर्वक करावे लागते. सकाळी तेल चोळून लगेच कृत्रिम पाय चढविला तर सॉकेटमध्ये त्वचा घसरते, मऊ पडते व सोलवटते. सिलिकॉनचा लायनर असेल तर तोही खराब होतो. अभ्यंग रात्री, पाय काढून ठेवल्यावर करावे आणि सकाळी साबण व पाण्याने धुऊन त्वचा पूर्ण कोरडी करावी. आपल्याकडील उन्हाळ्यात घाम हाच मोठा शत्रू. दुपारी एकदा पाय काढून मोजा बदलण्याची सवय रुग्णास लावावी. रोज रात्री हातआरशात तो भाग सर्व बाजूंनी पाहण्यास सांगावे. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर सॉकेट चुकत आहे असे समजावे. तेथे जात्यादी तैलाने काम होणार नाही, सॉकेट दुरुस्त करणाऱ्याकडेच पाठवावे लागेल.

बृंहणाविषयी आमचे मत अनेकांना रुचणार नाही. सैनिक घरी आला की माता-भगिनी तुपाचे लाडू करतात, आणि वैद्यही ‘अशक्तपणा’ पाहून अश्वगंधा, शतावरी व च्यवनप्राश यांची यादी लिहितो. हालचाल कमी झालेल्या माणसाचे वजन पाच-सहा किलोने वाढले की सॉकेट बसेनासे होते. बसेनासे झाले की पाय कोपऱ्यात जातो, पाय कोपऱ्यात गेला की हालचाल आणखी कमी होते, आणि प्रमेहाची वाट मोकळी होते. प्रत्येक भेटीत वजन नोंदवावे. स्नायूंचे बल व्यायामाने वाढवावयाचे आहे, मेदाने नव्हे.

तुटलेला पाय ‘दुखतो’ असे रुग्ण सांगतो तेव्हा घरचे एकमेकांकडे पाहतात आणि तो पुन्हा त्याविषयी बोलत नाही. ही वेदना खरी आहे व वारंवार आढळणारी आहे, हे नातेवाइकांसमक्ष स्पष्ट सांगणे ही पहिली चिकित्सा. मात्राबस्तीला पथ्यापथ्याचे बंधन फारसे नसल्याने ती वातशमनासाठी सोयीची पडते. त्याबरोबर एक साधा उपाय करून पाहावा. दोन्ही पायांच्या मध्ये उभा आरसा असा ठेवावा की निरोगी पायाचे प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल, आणि निरोगी पाय सावकाश हलवावयास सांगावा. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ही पद्धती सर्वांना लागू पडते असे नाही. पण ज्यांना पडते त्यांना गोळ्या कमी लागतात.

मज्जारज्जूच्या आघाताचे रुग्ण थोडे, परंतु धोका येथे सर्वांत मोठा. ज्या भागाला संवेदना नाही तेथे पिंडस्वेद, नाडीस्वेद वा गरम वाळूची पोटली कदापि देऊ नये. रुग्णास चटका कळत नाही. भाजल्याचे फोड दुसऱ्या दिवशी दिसतात आणि व्रण महिनोन्महिने भरत नाही. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन नितंब उचलावे, अंथरुणात असणाऱ्यास दर दोन तासांनी कुशीवर वळवावे. शय्याव्रण टाळण्यास कोणत्याही लेपापेक्षा हे अधिक परिणामकारक आहे. दुसरी गोष्ट पंचकर्म करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी. आघात पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, तर भरलेले मूत्राशय, मलावष्टंभ किंवा बस्ती देण्याची क्रिया यांमुळे रक्तदाब अकस्मात धोकादायक पातळीवर चढू शकतो. तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली व घाम दिसताच क्रिया थांबवावी, रुग्णास उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, मूत्रनलिका तुंबली आहे का ते पाहावे आणि त्वरित रुग्णालयात हलवावे. अशा रुग्णास गावातील चिकित्सालयात बस्ती देऊच नये, असे आमचे मत आहे.

तुटलेला मज्जारज्जू औषधाने जोडून देतो असे सांगणारे लोक या रुग्णांना नेमके हेरतात, कारण त्यांच्या हाती निवृत्तीची रक्कम असते. पक्षाघात बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. अशी पत्रके आपल्या फार्मसीच्या काउंटरवर ठेवू देऊ नयेत.

मनाचा विषय अधिक नाजूक. चरकाचार्यांनी विमानस्थानात मानसविकारांत भय, शोक व चित्तोद्वेग यांची गणना केली आहे आणि त्रिविध चिकित्सेत सत्त्वावजयाला स्वतंत्र स्थान दिले आहे, तेव्हा हा प्रांत आपल्याला परका नाही. पण सैनिक स्वतः हे सांगत नाही. त्याची पत्नी ‘यांना झोपेचं काही द्या’ एवढेच म्हणते, आणि थोडे विचारल्यावर पुढे येते, “फटाके सुरू झाले की हे वावरात निघून जातात, डॉक्टरसाहेब. रात्री येतच नाहीत.” दिवाळी, लग्नाची वरात, रानडुकरे हाकलण्यासाठी उडवलेले सुतळी बॉम्ब, सोयाबीनच्या हंगामातील थ्रेशरचा अखंड आवाज या आपल्यासाठी गावच्या नित्याच्या गोष्टी असतात, त्याच्यासाठी नसतात. दचकणे, दुःस्वप्ने, माणसे टाळणे, रागाचा भडका आणि मद्य ही लक्षणे महिनाभराहून अधिक टिकली तर त्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. आपली ब्राह्मी किंवा शिरोधारा बरोबर चालू राहू शकते. तज्ज्ञाच्या औषधाच्या जागी ती देऊ नये, आणि चालू असलेली गोळी एकाएकी बंद करू नये. २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. जीव देण्याचे विचार येतात काय, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने ते विचार उत्पन्न होत नाहीत. न विचारल्याने मात्र आपल्याला कळत नाहीत.

फार्मसीधारक बंधूंसाठी दोन बाबी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. मद्य सोडवण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णास आसव-अरिष्ट देऊ नये. आपल्या अरिष्टांत साधारण ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्यार्क असतो आणि त्या गोळीबरोबर तो उलट्या, धडधड व रक्तदाब घसरणे अशी तीव्र प्रतिक्रिया घडवू शकतो. मद्य नुकतेच सुटलेल्या रुग्णासही अश्वगंधारिष्टाऐवजी चूर्ण द्यावे. दुसरी बाब शंखपुष्पीची. मस्तकाला आघात झालेल्या अनेकांना झटके येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन चालू असते. शंखपुष्पीयुक्त औषधाने रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटते, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले आहे. ‘बुद्धीसाठी एखादे सिरप द्या’ म्हणून आलेल्या ग्राहकाला काउंटरवरूनच बाटली देण्याआधी घरी दुसरी कोणती गोळी चालू आहे, हे विचारणे हे विक्रेत्याचेही काम आहे. ज्यांच्याकडे ॲलोपॅथिक विभागही आहे त्यांनी ट्रामाडॉलविषयी दक्ष असावे. २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे, आणि जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा मागणारा ग्राहक हा बहुधा वेदनेत असलेला आणि एकटा पडलेला माणूस असतो. त्याला नुसते हाकलू नये, वैद्याकडे पाठवावे.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना एप्रिल २००३ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर दिव्यांगांना यूडीआयडी ओळखपत्र मिळते, आणि ते निवृत्तिवेतनाच्या कागदांहून वेगळे असल्याने अनेक माजी सैनिक काढतच नाहीत. आपल्या चिठ्ठीवर तारीख, आघाताचे वर्णन व सद्यःस्थिती स्वच्छ लिहावी, कारण पुढे विकलांगतेची टक्केवारी वाढविण्यासाठी तो कागद पुरावा म्हणून जोडला जातो. ‘वातव्याधी’ एवढ्या एका शब्दावर कोणतेही वैद्यकीय मंडळ निर्णय देऊ शकणार नाही. शंका असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे रुग्णास पाठवावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी आपण तेथे निधी देतो, पण आपल्या रुग्णांपैकी कोणी तेथे नोंदलेला आहे काय, हे विचारण्यासाठी आपल्यापैकी किती जण जातात?

शेवटी कामाविषयी. माजी सैनिकाला मिळणारे ठरावीक काम म्हणजे सुरक्षारक्षकाचे. बारा तास उभे राहण्याचे ते काम कृत्रिम पाय असणाऱ्यास झेपत नाही. उलट सैन्यातील भांडारात वा कार्यालयात काम केलेल्या माणसाला साठा, नोंदवही, मुदत व शिस्त यांचे जे वळण असते, ते आपल्या धंद्यात क्वचितच सापडते. आपल्यापैकी ज्यांच्याकडे चूर्ण, तैल वा वटीनिर्मितीचा लहान कारखाना आहे, तेथे बॅच नोंदवही, लेबल, वजन, मोहोरबंद करणे आणि मालाची रवानगी ही सारी बसून करण्याची कामे आहेत. आयुर्वेदीय औषधांच्या केवळ किरकोळ विक्रीसाठी ॲलोपॅथीप्रमाणे स्वतंत्र विक्री परवाना लागत नसल्याने, लहान भांडवलावर तालुक्याच्या बाजारपेठेत दुकान काढण्याचा मार्गही अशा माणसास मोकळा आहे. घाऊक विक्रेत्याने पहिल्या सहा महिन्यांची उधारी दिली तर तो उभा राहतो.

ज्यांना अशी नेमणूक करावयाची आहे त्यांनी आधी दुकानाची पायरी मोजावी. एक फूट उंच पायरीस बारा फूट लांब उतरण लागते. तेवढी जागा समोर नसेल तर ती भिंतीलगत वळवून घेता येते. काउंटरचा एक भाग जमिनीपासून अडीच फुटांवर आणावा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचतो. रोजच्या विक्रीची औषधे खांद्याच्या उंचीखालच्या फळ्यांवर ठेवावीत. आणि पहिल्या महिन्यात कोणी ग्राहक ‘बिचाऱ्याला ठेवलंत, पुण्य केलंत’ असे म्हणालाच, तर त्याला त्या माणसाने लिहिलेली साठ्याची वही उघडून दाखवावी.